टिरटिरला आवाज कोणी दिला?

जुने राजेंद्र नगर, दिल्ली
१९ जानेवारी २०२५

आदरणीय विनयाकाकूंना नमस्कार,

आपली ओळख नाही, म्हणून आधी माझ्याबद्दल सांगते. मी अक्षया वाकळे, हिंगोली जिल्ह्यातली. इथे यूपीएससीची तयारी करते आणि अभ्यासातून वेळ काढून एका वेबसाइटसाठी छोटे लेख लिहिते. जुन्या सिनेमांविषयी लोकांना माहीत नसलेल्या गोष्टी, असा तो प्रकार असतो.

गेल्या मंगळवारी संक्रांतीला आम्ही मुलं-मुली पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला गेलो होतो. तिथे तात्याराव भेटले. सरोजिनी नगरच्या गणेशोत्सवात पूर्वी नाटकं बसवायचे, ते. बोलता बोलता मी म्हटलं, सध्या ‘टिरटिर’वर लिहितेय. ते हसले आणि म्हणाले, “मग पद्माकरला विचारायला हवं होतं. तो तर गेला. विनयावहिनींना विचार. पण फोन करू नकोस, त्यांना फोनवर ऐकू येत नाही. पत्र लिही, पत्राचं उत्तर त्या देतातच.”

तुम्हाला ‘टिरटिर’ हा कार्टून सिनेमा आठवत असेलच. शेतावर वसाहत उभी राहते आणि एक रातकिडा आपलं शेत शोधत दिल्लीभर हिंडतो. जो भेटेल त्याला विचारतो, “मेरा खेत किधर गया, बताओ ना?” आणि मग ते त्याचं किर्र-टिक. मी लहान असताना आमच्याकडे केबलवर लागायचा. अजूनही हॉस्टेलमध्ये कोणाची वस्तू हरवली की कोणीतरी किर्र-टिक करतंच.

मी जमवलेल्या गोष्टी अशा: चित्रं काढायला चार वर्षं लागली. आख्ख्या सिनेमात चंद्र नाही, कारण चंद्र काढणारा चित्रकार भांडून निघून गेला. तळ्याच्या प्रसंगात टिरटिरला पाचच पाय आहेत. आणि सगळ्यात मोठं गूढ म्हणजे त्याचा आवाज. सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर लिहिलंय, ‘टिरटिर की आवाज़ – कुमुदिनी’. आडनाव नाही. ही मुलगी पुन्हा कुठल्याच सिनेमात नाही. इंटरनेटवर तिला शोधणाऱ्यांचे ग्रुप आहेत. कोणी म्हणतं ती लहानपणीच गेली, कोणी म्हणतं कॅनडात असते.

कुमुदिनी कोण होती, ते तुम्हाला माहीत आहे का?

तुमची,
अक्षया


फरीदाबाद
२७ जानेवारी २०२५

अक्षया,

आशीर्वाद. पत्र पोहोचलं. अक्षर चांगलं आहे, हल्लीच्या मुलांचं नसतं.

तात्यारावांना जुन्या गोष्टी रंगवून सांगायची सवय आहे. माझे यजमान केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरीला होते. नोकरी आणि घर, इतकंच त्यांनी केलं. गणपतीतल्या नाटकात काम करायचे, ते सगळेच करायचे. सिनेमाशी त्यांचा संबंध नव्हता. कुमुदिनी नावाची मुलगी आमच्या ओळखीत नाही.

लेखासाठी म्हणून एवढं सांगते. तळ्यातल्या प्रसंगात पाय पाचच दिसतात, पण ती चूक नाही. सहावा पाय पानाखाली आहे. पान पुढे सरकतं तेव्हा नीट पाहा. चंद्राचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. ती गरीब माणसं होती, भिंतींना रजया टांगून काम करायची. त्यांची चूक दाखवण्याआधी दोनदा बघावं.

तू परीक्षेला आली आहेस तर अभ्यास कर.

विनया सोनटक्के

ता. क. हा सिनेमा हल्ली फोनवर दिसतो असं ऐकते. त्यात त्या किड्याचं बोलणं नीट ऐकू येतं का? की जुनं झाल्यामुळे आवाज गेला आहे?


जुने राजेंद्र नगर
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनयाकाकू,

पाय सापडला! पानाखालीच आहे. आठ वर्षं लोक इंटरनेटवर पाच पाय, पाच पाय करतायत आणि एकानेही पान सरकताना बघितलं नाही. थँक्यू.

पण काकू, राग मानू नका. रजयांचं मी पत्रात लिहिलंच नव्हतं. मला तर ते माहीतच नव्हतं. मग मी शोधलं, कुठेच नाही. चित्रं काढायला भिंतीवर रजया कशाला लागतील? रजया लागतात बाहेरच्या रिक्षांचा आवाज आत येऊ नये म्हणून. म्हणजे आवाज भरताना. म्हणजे तुम्ही त्या खोलीतल्या कोणाला तरी ओळखत होता.

मी तात्यारावांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, “पोरी, मी शपथेवर गप्प आहे. पद्माकर सरकारी नोकर होता. बाहेरचं काम केलं म्हणून कोणी तक्रार केली असती तर? वहिनी अजून घाबरत असतील, पेन्शन थांबेल म्हणून.” एवढं बोलून म्हणाले, “बघ, मी काही सांगितलं नाही हां.”

म्हणून सांगते. सेवा-वर्तणुकीचे नियम आमच्या अभ्यासात येतात, मी ते अगदी नीट वाचलेत. सरकारी नोकराने अधूनमधून कलेचं काम केलं, आणि त्याने ऑफिसच्या कामात अडथळा आला नाही, तर आधी परवानगी घ्यायची गरज नसते. असं काम करणं हा गुन्हा नाही. आणि काका गेल्यावर तुम्हाला मिळतं ते कुटुंब-पेन्शन तर असल्या कारणाने कोणी बंद करणार नाही. नियमाचा कागद सोबत जोडला आहे.

तुम्ही लिहिलं नाहीत तरी चालेल. मी पुन्हा विचारणार नाही.

आणि हो, टिरटिरचं बोलणं फोनवर एकदम स्वच्छ ऐकू येतं. का विचारलंत?

तुमची,
अक्षया


फरीदाबाद
२० फेब्रुवारी २०२५

अक्षया,

उत्तराला वेळ लागला. कागद इंग्रजी होता. खाली सलोनी राहते, शाळेत शिकवते, तिने तो हिंदीत वाचून दाखवला. मग मी तिला म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचला. म्हणाली, “आंटी, इसमें डरने का क्या था?”

तेच. ह्यांनी अर्ज केला असता तर परवानगीची गरज नाही असं उत्तर आलं असतं. पण हे अर्ज करणार नव्हते. म्हणायचे, “विचारलं की फाइल उघडते. उघडलेली फाइल मी आयुष्यभर पाहिली आहे, ती बंद होत नाही.” म्हणून गप्प राहिले. मरेपर्यंत.

टिरटिरचा आवाज ह्यांचा आहे.

गणपतीत ह्यांनी एका नाटकात म्हाताऱ्याचं काम केलं होतं. ते बघायला सिनेमावाले एकजण आले होते, त्यांनी बोलावलं. रविवारी जायचे. तिथे टेप हळू चालवून बोलणं भरत आणि नंतर भरभर वाजवत, म्हणजे जाड आवाज बारीक होतो. पण त्यासाठी बोलताना फार सावकाश बोलावं लागे, नाहीतर नंतर काही समजत नसे. ती सवय लागावी म्हणून हे घरी तसं बोलायचे. “विनया… चहा… झाला… का.” मला वाटलं डोकं फिरलं. एकदा मी म्हटलं, असंच बोलायचं असेल तर चहा संध्याकाळी मिळेल.

सिनेमा टीव्हीवर आला तेव्हा शेजारच्या क्वार्टरमध्ये बसून पाहिला. सगळी पोरं हसत होती. मला त्यात हे सापडले नाहीत. तो टिरटिर होता. मी पुन्हा पाहिला नाही.

निवृत्तीच्या आधी घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण आवाज नव्हता. मी सरोजिनीच्या बाजारातून पाटी आणली, मुलांची असते ती. हे पाटीवर लिहायचे. मी चौथी शिकलेली. अक्षर अक्षर लावून वाचायची, तोवर हे चिडून टेबल वाजवायचे. मग मी दुपारी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागले. नंतर मंडळाच्या वाचनालयातली पुस्तकं. हे बाजूला बसून माझा उच्चार चुकला की बोट वर करायचे. मला वाचता येतं ते असं.

चार वर्षांपूर्वी गेले. घरात फोटो आहेत, पाटी आहे, ती कोरी आहे. आवाज कुठेच नाही. ते बोलत होते तेव्हा आमच्याकडे आवाज धरून ठेवणारा फोन नव्हता, आणि फोन आला तोवर ते बोलत नव्हते.

माझे कान जात आहेत. डॉक्टर म्हणाले, हळूहळू आणखी जातील, मशीन लावलं तरी किती उपयोग होईल सांगता येत नाही. तुझ्या लेखाचं मला काही नाही. ह्यांचा आवाज त्या सिनेमात आहे तर तो एकदा ऐकावा, ऐकू येतंय तोवर. एवढ्यासाठी विचारलं होतं.

विनया


जुने राजेंद्र नगर
१ मार्च २०२५

प्रिय काकू,

पत्र लायब्ररीत वाचलं. बाजूच्या मुलीने विचारलं, रिझल्ट लागला का गं तुझा?

मी संपादकांना सांगितलं (नाव न घेता). ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ही साधी गोष्ट नाही, ह्याचा मोठा लेख होईल. एवढी वर्षं सगळे एका लहान मुलीला शोधतायत आणि आवाज निघाला सरकारी ऑफिसातल्या माणसाचा! आता कळलं टिरटिर असं हिंदी का बोलतो. “किधर गया, बताओ ना” — हे तर आपल्या मराठी माणसाचं हिंदी. लोक म्हणायचे कीटकांचा लहेजा आहे!

काकू, काकांचं नाव सगळ्यांना कळायलाच हवं. इतकी वर्षं ते लपून राहिले, हा अन्याय आहे. तुम्ही त्यांचा एक फोटो पाठवा. आपण त्यांना त्यांचं नाव मिळवून देऊ.

सिनेमाची लिंक सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिली आहे. सलोनीताईंच्या फोनवर टाईप केली की सुरू होईल. पहिल्या पाच मिनिटांतच टिरटिर बोलतो. नक्की ऐका आणि मला कळवा.

फक्त एक राहिलं. मग कुमुदिनी कोण?

तुमची,
अक्षया


फरीदाबाद
१२ मार्च २०२५

अक्षया,

पाहिला. सलोनीने फोन भांड्याला टेकवून उभा केला, आवाज पूर्ण वाढवला. बासरी ऐकू आली. ढोलक ऐकू आला. तो म्हातारा बैल बोलतो ते ऐकू आलं. टिरटिर तोंड हलवत होता. माझ्यापर्यंत काही आलं नाही.

सलोनी म्हणाली, “आंटी, इतना तो तेज़ है!” तिच्या मुलीने कानांवर हात ठेवले होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारीक आवाज आधी जातात. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, झाकण थरथरतं ते बघून गॅस बंद करते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, की ह्यांचा आवाज सिनेमावाल्यांनी त्याच जातीचा करून ठेवला आहे.

फोटो पाठवत नाही. नाव मिळवून देण्याचं तू लिहिलंस. त्यांना नाव नको होतं, आणि आता ते असते तर त्यांना त्याचं काय करायचं हे कळलं नसतं. मी जे मागितलं ते हे नव्हतं. तू मनापासून केलंस, तुझा दोष नाही.

परीक्षा जवळ आली असेल. आता पत्रं पुरे.

विनया


जुने राजेंद्र नगर
३० मार्च २०२५

प्रिय काकू,

पुरे म्हणालात तरी लिहिते आहे. तुमच्या पत्राने मला लाज वाटली. तुम्ही एक गोष्ट मागितली होती आणि मी दुसरीच देत बसले.

मी तुमचं आधीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. टेप हळू चालवून भरलं आणि भरभर वाजवलं, असं तुम्हीच लिहिलंय. मग आपण उलटं करू शकतो ना! सिनेमा हळू वाजवला की टिरटिर निघून जाईल आणि काका उरतील. जाड आवाज. तो तुम्हाला ऐकू येईल.

माझ्या गावचा चैतन्य गुडगावला आयटीत आहे. त्याला म्हटलं. तो म्हणाला, “यार, एवढंच?” आणि रविवारी बसला. टिरटिर जिथे जिथे बोलतो ते सगळे तुकडे काढले, मूळ वेगावर आणले. पहिला तुकडा लागला. मागची बासरी रेड्यासारखी ओरडत होती, पण तिच्या पुढे एक माणूस बोलत होता. शांत. आमच्या शाळेतल्या कुलकर्णी सरांसारखा.

पेनड्राइव्ह आणि मोठे हेडफोन कुरिअरने पाठवले आहेत. सलोनीताईंच्या लॅपटॉपला लागतील. हेडफोन परत करू नका, चैतन्यकडे तीन आहेत.

सगळ्यात शेवटचा तुकडा म्हणजे टिरटिरचं ते किर्र-टिक. त्याने गंमत म्हणून तोही हळू केला. काही कळेना, म्हणून आणखी हळू केला. मग आणखी. ते किर्र-टिक नाहीच काकू. ते बोलणं आहे. इंटरनेटवरच्या पोरांनीही ते हळू करून पाहिलं होतं आणि लिहिलं होतं, ही कुठली भाषा नाही, नुसता आवाज आहे. कारण एकदाच हळू करून ते थांबले.

काय बोललेत ते मी सांगत नाही. ते तुमचं आहे. तुम्हीच ऐका.

अक्षया


फरीदाबाद
१४ एप्रिल २०२५

चि. अक्षया,

ऐकलं.

सलोनीने हेडफोन लावून दिले आणि खाली गेली. जाताना दार ओढून घेतलं. शहाणी बाई आहे.

पहिल्यांदा विहिरीतून कोणी बोलतंय असं वाटलं. मग “मेरा… खेत… किधर… गया.” मी म्हटलं, हो, चहा झाला. तोंडातून निघून गेलं.

‘बताओ ना’ मधला ‘ना’ म्हणताना आवाज जरा वर जातो. ही त्यांची सवय होती. “जेवायला वाढतेस ना.” “दार लावलंस ना.” मी ती विसरले होते. माझ्या लक्षात सगळं आहे असं मी धरून चालले होते. त्यांचं लिहिणं लक्षात होतं. पाटीवर ‘ना’ वर जात नाही.

सगळे तुकडे ऐकले. मग शेवटचा. तू सांगितलं नव्हतंस ते बरं केलंस. कोणी हसतंय, खुर्ची सरकतेय, आणि हे स्वच्छ मराठीत म्हणतात, “झालं का हो? डब्यात आज पण दुधीच आहे.” मागून कोणी विचारतं, “क्या बोला, सोनटक्के जी?” हे म्हणतात, “कुछ नहीं, कुछ नहीं.”

तुला आता सांगते. त्यांना रविवारी डबा मी द्यायची. शेजारच्या एका बाईने सांगितलं होतं की दुधी थंड असतो, घशाला चांगला. बोलायचं काम आहे म्हणून मी दर रविवारी दुधीच दिला. डबा रिकामा यायचा. विचारलं तर म्हणायचे, छान होता. ऑपरेशननंतर मऊच खायला लागायचं, तेव्हाही मी दुधी करायची. हे पाटीवर लिहायचे, ‘छान’. पुसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘छान’.

आणि तिकडे सिनेमावाल्यांनी तोच तुकडा उचलून भरभर वाजवला आणि टिरटिर जिथे जिथे ओरडतो तिथे लावला. म्हणजे आख्खा सिनेमाभर तो किडा माझ्या भाजीची तक्रार करत हिंडतो. देशभरातल्या पोरांनी ती पाठ केली. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली सगळी पोरं माझ्या तोंडावर किर्र-टिक करून पळायची, आणि हे बाजूला उभे राहून ऐकायचे. चेहरा हलत नसे.

मी हसले. बराच वेळ हसले. मग पुन्हा लावलं.

तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा टाळलं, म्हणून कुमुदिनीचं सांगते. पहिल्या पत्रात तशी कोणी ओळखीत नाही म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. ती मीच. माहेरचं नाव कुमुदिनी. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने विनया लिहिलं, आणि त्या दिवसापासून मी विनया. माहेरची माणसं गेली तसं ते नावही कोणाच्या तोंडी राहिलं नाही. सिनेमात ह्यांचं नाव देता येत नव्हतं, पण पाटी रंगवणारा माणूस नाव मागत होता. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, “तुझं दिलं.” मी म्हटलं, “माझं कशाला?” म्हणाले, “पडूनच होतं ना ते.”

तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

लेखात ह्यांचं नाव लिहायचं असेल तर लिही. फाइल उघडली तर उघडू दे, आता ती कोणाला सापडणार नाही. सरोजिनी नगरची आमची क्वार्टर्ससुद्धा पाडली. मागच्या वर्षी मेट्रोने गेले होते, आमची ओळ कुठे होती ते मला दाखवता आलं नाही.

दुधीचं मात्र छापू नकोस. ते त्यांनी मला सांगितलं आहे. उशिरा सांगितलं, पण मलाच.

विनया


जुने राजेंद्र नगर
५ मे २०२५

प्रिय काकू,

लेख आला. सोबत छापून पाठवते आहे, मोठ्या अक्षरात. तुमच्यासाठी थोडक्यात:

सहावा पाय पानाखाली आहे. चंद्र नाही, कारण भांडण. टिरटिरचा आवाज पद्माकर सोनटक्के यांचा, केंद्र सरकारच्या नोकरीत होते, गणेशोत्सवात नाटकं करायचे. कुमुदिनी कॅनडात नाही. ती फरीदाबादला राहते, तब्येत बरी आहे, आणि तिला कोणी शोधू नये अशी तिची इच्छा आहे.

किर्र-टिकबद्दल संपादकांनी तीनदा विचारलं. “अक्षया, सगळ्यात भारी गोष्ट तीच असणार. काहीतरी सापडलंय तुला, चेहऱ्यावर दिसतंय.” मी सांगितलं, काही नाही सर, नुसता आवाज आहे.

खोटं बोलले. परीक्षा पास झाले तर आयुष्यभर सरकारी माणूस म्हणून खरं बोलेन.

परीक्षा या महिन्याच्या पंचवीस तारखेला आहे.

तुमची,
अक्षया


फरीदाबाद
१२ मे २०२५

चि. अक्षया,

लेख वाचला. पायाचं नीट लिहिलंस. ह्यांच्या नावात ‘क’ला ‘क’ जोडलेला नाही, सुटा छापला आहे, पण ते चालेल. तात्याराव येऊन गेले. म्हणाले, “वहिनी, मी शपथ मोडली नाही.” मी म्हटलं, नाही मोडलीत, नुसती वाकवलीत.

हेडफोन रोज लावत नाही. कधीतरी लावते. उजव्या कानाने आता कमी येतं, म्हणून डावीकडचा आवाज सलोनीने वाढवून दिला आहे.

परीक्षेआधी पोटाला नीट काही खाल्लं नसशील. त्या खोल्यांमधलं जेवण मला माहीत आहे. पेपर झाला की पुढच्या रविवारी इकडे ये. मेट्रोने फरीदाबादला उतर, तिथून रिक्षावाल्याला सेक्टर सांग, सलोनी खाली दारातच असेल.

दुधी करणार आहे. आवडला नाही तर तोंडावर सांग.

विनया